पाण्यातील कबर

लेक सुपीरियर हे अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील अतिविशाल सरोवर. लोहखनिज वाहून नेणारे 'एडमंड फिट्झजेराल्ड' हे जहाज १० नोव्हेंबर १९७५ च्या वादळात तेथे बुडाले. २९ खलाशी गेले. एकाचाही देह हाती लागला नाही. देह कुजताना आत वायू साठतो व तो तरंगू लागतो. तळाच्या थिजवणाऱ्या पाण्यात मात्र ही क्रिया अतिशय मंदावते. ते सरोवर आपले मृत सहसा परत देत नाही.

मग पाणबुड्याने तेथे जावे काय?

१९९५ मध्ये टेरेन्स टायसल व माइक झी हे दोघे पाठीवर टाक्या बांधून ५३० फूट खोल या जहाजापर्यंत पोहोचले. तेवढ्या खोलीवर साध्या हवेने धुंदी चढते, म्हणून हेलियमचे मिश्रण श्वासासाठी घ्यावे लागते. खाली जाण्यास सहा मिनिटे, जहाजापाशी सहा मिनिटे, आणि अंगात मुरलेला वायू सावकाश बाहेर टाकीत वर येण्यास तीन तास! एवढे सोसणाऱ्यास केवळ हौशी म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते.

परंतु आदल्याच वर्षी दुसऱ्या एका मोहिमेला जहाजाजवळ एका खलाशाचा देह दिसला व त्याचे चित्रण झाले. नातलग व्यथित झाले. मृताला कसली आली लाज, असे कोणी म्हणेल. खरे आहे, म्हणूनच ती राखण्याचे काम जिवंतांकडे येते. ख्रिस्तसभेच्या अंत्यविधीत समुद्रात देह सोडतानाचीही प्रार्थना आहे. पाणीही कबर होऊ शकते, आणि कबरीला दार नसले तरी उंबरठा असतोच.

जुलै १९९५ मध्ये नातलगांच्याच विनंतीवरून जहाजाची घंटा वर काढण्यात आली व तिच्या जागी २९ नावे कोरलेली नवी घंटा ठेवली गेली. हाही हस्तक्षेपच, पण तो मृतांच्या माणसांच्या संमतीने, आणि काहीतरी मागे ठेवून. माझ्या मते सारा भेद येथे आहे, खोलीत किंवा साधनांत नाही. २००६ पासून ऑन्टारिओ प्रांताच्या कायद्याने तेथे उतरण्यास परवाना लागतो, हे योग्यच झाले.

तथापि, ज्यांचे कोणीच उरलेले नाही अशा जुन्या बुडीत जहाजांवर संमती कोणाची घ्यावी? कायदा येथे अपुरा पडतो. व्हाइटफिश पॉइंटच्या संग्रहालयात ती जुनी घंटा दरवर्षी १० नोव्हेंबरला वाजवतात. २९ टोले त्या खलाशांचे. तिसावा, या सरोवरांत बुडालेल्या इतर सर्वांचा.