वाऱ्याची खूण केवढी असावी

वारा दिसत नाही, ही साधी गोष्ट आपल्या दर्शनकारांनी फार मनावर घेतली होती. वैशेषिकांच्या मते वायूला स्पर्श आहे, रूप नाही. म्हणून जुन्या पंडितांनी त्याला प्रत्यक्षातून काढून अनुमानात बसवले. पुढच्या नैयायिकांनी वाद घातला, की कातडीला कळतो तो वारा प्रत्यक्षच मानला पाहिजे. पण आपल्या अंगाला न लागणारा, शंभर हातांपलीकडचा वारा ओळखायचा तर दोन्ही पक्षांना खूण हवीच. अशा चार खुणा शास्त्रात येतात: स्पर्श, शब्द, धृती आणि कंप. पानांची सळसळ हा शब्द. पिंजलेला कापूस अधांतरी तोलला जातो ती धृती, आणि फांदी हलते तो कंप. विमानतळावर खांबाला लावलेली विंडसॉक, म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेली निमुळती कापडी पिशवी, यांतल्या शेवटच्या दोन खुणा एकत्र आणते. वारा तिला तोलून धरतो आणि हलवतोही. ती केवढी शिवायची हा प्रश्न शिंप्याचा आणि इंजिनिअरचा वाटतो. मला तो ज्ञानाचा आणि म्हणून धर्माचाही वाटतो. मराठीत ‘प्रमाण’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, खऱ्या ज्ञानाचे साधन आणि योग्य माप. हा योगायोग नाही, असे मला वाटते. जागेला आणि पाहणाऱ्याला बेतलेली नसेल, तर खूण पुरावाच ठरत नाही.

आधी मापे पाहू. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांप्रमाणे विमानतळावरच्या पिशवीची लांबी किमान ३.६ मीटर आणि मोठ्या तोंडाचा व्यास किमान ०.९ मीटर हवा, आणि निदान ३०० मीटर उंचीवरून ती दिसून तिचा अर्थ कळला पाहिजे. जमिनीवरच्या हेलिपोर्टसाठी हीच मापे २.४ आणि ०.६ मीटर आहेत; उंचावरच्या हेलिपोर्टसाठी १.२ आणि ०.३. तिन्ही जोड्यांत लांबी तोंडाच्या चौपट आहे. माप जागेप्रमाणे बदलते, आकृती बदलत नाही. मला हे फार बोलके वाटते.

मग सगळीकडे मोठीच पिशवी का लावू नये, असे कोणी विचारील. कारण मोठ्या पिशवीचे कापड जड, आणि कापड जितके जड, तितकी ते मंद वाऱ्याला कमी दाद देते. अमेरिकी विमानतळांच्या नियमानुसार पिशवीने ३ नॉटच्या, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरच्या वाऱ्यालाही दिशा दाखवावी आणि १५ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरला, पूर्ण ताणली जावी. जड पिशवी खांबाला लोंबकळत राहते आणि पाहणारा म्हणतो, वारा नाही. या चुकीला भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांच्याकडे नेमके उत्तर आहे. एखादी गोष्ट दिसत नाही एवढ्यावरून ती नाही असे ठरत नाही; ती असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती असेल, तरच तिचे न दिसणे हा तिच्या अभावाचा पुरावा होतो. याला त्यांनी योग्यानुपलब्धी म्हटले. त्यातला ‘योग्य’ हा शब्द म्हणजे मापाचाच प्रश्न. उलट, फार हलकी पिशवी कुंपणाच्या आडोशाला उठलेल्या झुळकीलाही भुलते आणि भलतीकडे तोंड करते. तो सव्यभिचार हेतू झाला, म्हणजे जे सिद्ध करायचे ते नसतानाही आढळणारी खूण. खळ्यावर उपणणारा शेतकरी शास्त्र न वाचता हेच जाणतो. वारा पाहायला तो ज्वारीचे दाणे सोडत नाही, ते सरळ खाली पडतील. राखही सोडत नाही, ती चहूकडे उडेल. तो मूठभर कुटार सोडतो. खुणेचे वजन त्याने वाऱ्याला बेतून निवडलेले असते.

आता खरा आक्षेप. वारा कोणी पाहो न पाहो, वाहतोच; सत्य पाहणाऱ्याच्या सोयीने कापले तर ते सत्य उरेल का? धर्माच्या इतिहासात हा आक्षेप मोठा आहे, कारण ‘ज्याचा जेवढा अधिकार तेवढेच ज्ञान’ या विचाराच्या आडून पुष्कळांना ज्ञान नाकारले गेले. याचे उत्तर अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला सापडते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या पश्चात नागदेवाचार्यांनी इथून महानुभाव पंथ सांभाळला. केसोबासांसारखे संस्कृतात पारंगत शिष्य जवळ असताना त्यांनी मराठीचा आग्रह धरला. त्यांची काळजी पंथातल्या म्हाताऱ्या बायांची होती: ग्रंथ संस्कृतात गेला तर त्या वंचित राहतील. ‘स्मृतिस्थळा’त हा प्रसंग आहे. त्यांनी म्हाताऱ्यांसाठी कमी दर्जाचे तत्त्वज्ञान काढले नाही. तेच तत्त्वज्ञान, त्या जिथे उभ्या होत्या तिथून दिसेल अशा खुणेत ठेवले. अधिकारभेद माणसाची योग्यता मोजतो, नागदेवाचार्यांनी अंतर मोजले. चौपटीचे नाते न मोडता पिशवी लहान करणे आणि पिशवीच काढून घेणे यांत हाच फरक आहे.

खूण कोणासाठी उभारली, हे विसरले की काय होते ते सातपुड्यापलीकडे भोपाळला दिसले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री विषारी वायू सुटला, तेव्हा कारखान्यातल्या कामगारांनी वाऱ्याची दिशा पाहून उलट बाजूला धाव घेतली. भिंतीबाहेरच्या वस्तीतले अनेक जण मात्र वायूबरोबरच पळत राहिले. वारा दोघांना एकच होता. वस्तीसाठी खूण कोणी उभारली नव्हती, आणि ती वाचायला कोणी शिकवलेही नव्हते. धोका निर्माण करणाऱ्याने तो फक्त आपल्या माणसांना दिसेल अशी सोय करावी, हे मला अधर्म या जुन्या शब्दानेच सांगावेसे वाटते.

शेंदूरजनाघाटला विमानतळ नाही, पण वारा वाचण्याची गरज आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे, वरुड तालुक्यातले हे गाव संत्र्याच्या बागांसाठी आणि कलमांच्या रोपवाटिकांसाठी ओळखले जाते. तिथे पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला वारा कुठून येतो हे कळणे म्हणजे औषध झाडावर पडणार की आपल्या तोंडावर, हे कळणे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती, वारा हे एकमेव नव्हते. तरी फवाऱ्याचे तुषार कुणाच्या श्वासात जातात, हे वाराही ठरवतो. मोबाइलवर वाऱ्याची दिशा कळतेच की, असे म्हणता येईल. ते शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासू सांगणाऱ्याच्या शब्दावरचे ज्ञान झाले, आणि ते मोलाचेही आहे. पण ते मोठ्या परिसराचे असते. डोंगराच्या पायथ्याशी उन्हात वारा चढणीला लागतो आणि निरभ्र रात्री उतारावरून खाली वाहतो. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाच्या धावपट्टीवरचा वारा या बागेला लागू होत नाही. शिवाय हातमोजे घातलेला मजूर दर ओळीला फोन काढणार नाही.

तेव्हा माप काढू. ३०० मीटरवरून ३.६ मीटरची पिशवी जेवढी दिसते, तेवढीच ५० मीटरवरून ६० सेंटिमीटरची दिसते. तिचे तोंड १५ सेंटिमीटरचे. एवढ्या लहान पिशवीला हलके कापड पुरते, आणि ते मंद वाऱ्यालाही उठेल. रोपवाटिकेत रोपे बुटकी, तिथे डोक्याच्या उंचीवरची काठी पुरेल. उभ्या बागेत मात्र खांब शेंड्यांच्या चांगला वर हवा, नाहीतर पिशवी झाडांनी घुसळलेला वारा दाखवील, आणि ओळीत वाकून काम करणाऱ्याला ती दिसणारही नाही. बाग दाट असेल तर एक मोठी पिशवी लावण्यापेक्षा चार कोपऱ्यांना चार लहान बऱ्या. रंगाबाबत निकष सांगतात, की तो पार्श्वभूमीवर उठून दिसावा. विमानतळांवर नारिंगी रंग चालतो. पिकलेल्या संत्र्याच्या बागेत पांढरा घ्यावा, आणि तो निवडण्याआधी पंप पाठीवर घेऊन ओळीत उभ्या राहणाऱ्या मजुराला विचारावे, तुला इथून दिसते का.