परड्यातला पाहुणा

करूळ आणि भुईबावडा घाटांच्या पायथ्याशी वसलेल्या वैभववाडी तालुक्यात घर आणि रान यांच्यात अंतर ते किती? कोल्ह्याला परड्याच्या गडग्यापर्यंत यायला फारशी वाट तुडवावी लागत नाही. अंगणातल्या उजेडाच्या कडेला तो थबकतो, कान टवकारतो, जमीन हुंगतो. उंदीर, किडे, पडलेली फळं, त्याला सगळं चालतं. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण उगाच नाही.

त्याला पाहून आनंद होतो. मग हात भाकरीकडे जातो, आणि इथेच धर्माचा प्रश्न उभा राहतो. भूतयज्ञ सांगणाऱ्या परंपरेत प्राण्याला घास घालणं पुण्यच. पण पतंजलींच्या योगसूत्रांत बारकावा आहे: दुःखी जीवाविषयी करुणा, सुखी जीवाविषयी मैत्री. धडधाकट कोल्हा दुःखी नाहीच! त्याच्यावर दया दाखवणं म्हणजे खरं तर स्वतःचीच हौस भागवणं.

दयेआडचा असा स्वार्थ पाहायचा तर महाभारताच्या शांतिपर्वातला कोल्हा आठवावा. स्मशानात मेलेल्या मुलाभोवती नातलग रडताहेत. गिधाड म्हणतं, दिवस आहे तोवर घरी जा. कोल्हा म्हणतो, थांबा. दोघांचंही ज्ञान अस्सल, दोघांचीही नजर प्रेतावर. शेवटी शंकर मुलाला जिवंत करतात आणि या दोन भुकेल्यांनाही वर देतात. त्यांच्या लबाडीची शिक्षा नाही, हे विशेष.

भाकरीला चटावलेला कोल्हा मात्र माणसांत, कुत्र्यांत येतो. पिसाळण्याचा रोग कुत्र्याला होतो तसा कोल्ह्यालाही होतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे, तरी कोंबडी गेली की काठी निघतेच.