बहिऱ्याला विचारले काय?

कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण व रिकीब अशी तीन इवलीशी हाडे असतात. कान वर्षानुवर्षे वाहत राहिला की बहुधा ऐरण झिजते आणि आवाजाची वाट तुटते. १९५६ साली अमेरिकेत जॉन शे यांनी निकामी रिकिबीच्या जागी टेफ्लॉनची रिकीब बसविली; आज झिजलेल्या ऐरणीच्या जागीही रुग्णाचेच घडविलेले हाड वा टायटेनियमचा तुकडा बसवितात.

नांदेड व लातूर येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तरीही घरातील वृद्धाविषयी, “या वयात ऐकून काय करायचे?” असे सहज म्हटले जाते. हा प्रश्न वैद्यकाचा नसून नीतीचा होय. त्याच वृद्धाचा मोतीबिंदू आपण तत्परतेने काढवितो. कारण आंधळ्याला हात धरून न्यावे लागते. बहिऱ्याचा भार मात्र त्याचा तोच वाहतो. शेताची वाटणी, नातीचे लग्न त्याच्यासमक्ष ठरते; त्याचे न ऐकणे आपल्या सोयीचे असते.

शस्त्रक्रिया प्रत्येकास मानवेल वा गुण देईलच, असे नव्हे. परंतु ज्याचा कान, त्याचाच निर्णय. ऐकू येत नसेल तर पाटीवर लिहून, पण त्याला विचारले पाहिजे.