विसाव्याची चाकरी

विश्रांती कशासाठी घ्यावी? ‘ताजेतवाने होऊन पुन्हा कामाला लागण्यासाठी,’ हे शहाणे उत्तर मला कधीच पटले नाही. टांग्याच्या घोड्याला चंदी घालतात तीही याच हिशेबाने! नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार. तो मागताना मालकाचे कापड अधिक निघावे, हे काही कामगारांच्या मनात नसावे.

मध्यंतरी उत्तरपत्रिका तपासून डोळे शिणले, तेव्हा आम्ही पाच शिक्षक शनिवारी शाळा सुटताच एस.टी.ने अलिबागला गेलो. कुलाब्याच्या किल्ल्यात पायी जायचे तर ओहोटी हवी, आणि समुद्र तर ऐन भरात होता. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. मस्टरवर लाल खूण करणारा तिला अजून कुणी भेटलेला नाही! आम्ही वाळूत नुसते बसून राहिलो. आमच्या गणिताच्या मास्तरांनी दोन तासांत एकही बेरीज केली नाही. मला तर ही त्यांची मोठीच कमाई वाटली.

सोमवारी हेडमास्तरांनी विचारले, “काय मास्तर, झालात ना ताजेतवाने?”

“छे हो,” चपलेतली वाळू झटकीत मास्तर म्हणाले, “चांगले दमून आलो.”