गालिच्याचा रंग, भिंतीचा रंग आणि चित्ररूपाचा वाद

खोलीत आधीपासून अंथरलेल्या गालिच्याला शोभेल असा भिंतीचा रंग ठरवणे हे रंगाऱ्याचे आणि घरमालकाचे काम मानले जाते. त्यात दडलेला प्रश्न मात्र दर्शनशास्त्राचा आहे. रंग असतो कुणाचा? वस्तूचा, तिच्यावर पडणाऱ्या उजेडाचा, बघणाऱ्याच्या डोळ्याचा, की शेजारी असलेल्या दुसऱ्या वस्तूचा? भारतीय दर्शनांनी या प्रश्नाचा शेकडो वर्षे कीस पाडला आणि वादासाठी उदाहरण घेतले तेही निरनिराळ्या रंगांच्या सुतांनी विणलेल्या कापडाचे. गालिचा हा त्या वादातला जवळजवळ मूळ दाखलाच म्हणावा लागेल.

नागपूरच्या धंतोलीसारख्या वस्तीत हा प्रश्न वरचेवर पडतो. जुने बंगले, त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या फ्लॅटच्या इमारती आणि गल्लोगल्ली दवाखाने असे हिचे रूप. बंगला जातो, फ्लॅट येतो, दिवाणखान्याची मापे आणि खिडक्यांच्या दिशा बदलतात. आजोबांच्या वेळचा भदोही-मिर्झापूरचा लोकरी गालिचा मात्र सोबत येतो. हाताने गाठी मारलेला चांगला गालिचा दोन पिढ्या टिकतो, भिंतीचा रंग काही वर्षांत पुन्हा काढावाच लागतो. शिवाय रंगाच्या दुकानातले यंत्र हवी ती छटा डोळ्यांदेखत कालवून देते. गालिच्याची छटा जी आहे ती आहे. म्हणून गालिचा आधी आणि भिंत नंतर हा क्रम पैशाच्या हिशेबानेही ठरलेला आहे.

समजा, गालिच्याची जमीन डाळिंबी आहे, किनार गर्द निळी आणि मधल्या वेलबुट्टीत मोतिया व शेवाळी सूत आहे. भिंत यातल्या कशाशी जुळवायची? डाळिंबीला धरून गुलाबीसर भिंत केली तर किनार उपरी वाटू लागते. बुट्ट्यांचा मोतिया उचलला तर जमीन अंगावर येते. घरात यावरून पक्ष पडतात, कारण प्रत्येक जण गालिच्यात वेगळाच रंग मुख्य धरतो. आधी ठरायला हवे ते हे, की या गालिच्याचा रंग कोणता.

सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हे न्याय-वैशेषिक मताचे सर्वांत प्रचलित बालबोध पुस्तक. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांची त्याची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघाली. त्यात रूप म्हणजे केवळ डोळ्यांनी कळणारा गुण असे सांगून त्याचे सात प्रकार मोजले आहेत: शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र. पहिल्या सहांबद्दल फारसे भांडण नाही. सातवा ‘चित्र’ हा वादाचा मुद्दा. नैयायिक म्हणतात, रंग आपल्या आश्रयाला पूर्ण व्यापून राहतो. झाडावर माकड बसते तेव्हा त्याचा संयोग फांदीपुरता असतो, बुंध्याशी नसतो. रंगाचे तसे नाही. मग अनेक रंगांच्या सुतांचे कापड लाल म्हणता येत नाही, निळेही म्हणता येत नाही, कारण त्यातला एकही रंग ते कापड व्यापत नाही. त्याला रंगच नाही असे म्हणावे तर ते दिसायलाच नको, कारण दिसण्यासाठी वस्तूला स्वतःचा प्रकट रंग लागतो. सुतांचे रंग दिसतात तेवढ्यावर भागत नाही, कारण त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अख्खे कापड, हे सुतांहून वेगळे द्रव्य आहे. तेव्हा अख्ख्या कापडाचा असा एक स्वतंत्र रंग मानला पाहिजे, तो ‘चित्र’.

या युक्तिवादावर घाव दोन बाजूंनी पडले. धर्मकीर्तीच्या परंपरेतल्या बौद्धांनी अवयवीच नाकारला. कापड एकच असेल तर त्याचा एक कोपरा रंगवल्यावर ते रंगलेले म्हणायचे की न रंगलेले? एकाच वस्तूत दोन्ही बसत नाहीत, म्हणून सुतांपलीकडे कापड नावाची वेगळी वस्तू नाही, असे त्यांनी सुनावले. दुसरा घाव घरातलाच होता. नव्यन्यायाचा बंगाली आचार्य रघुनाथ शिरोमणी याने ‘पदार्थतत्त्वनिरूपणा’त चित्ररूप हा वेगळा रंग मानायला नकार दिला. रंग एखाद्या वस्तूच्या काही भागापुरता राहू शकतो एवढे कबूल केले, की सातव्या रंगाची गरजच उरत नाही, ही त्याची भूमिका.

तर्क म्हणून रघुनाथाची बाजू हलकी आणि सरळ आहे. गालिच्यापाशी उकिडवे बसून गाठी न्याहाळल्या तर तोच बरोबर दिसतो. डाळिंबी गाठ संपते तिथे मोतिया गाठ सुरू होते, आणि दोन्हींच्या मध्ये सातवे काही नाही. पण खोलीत राहणारे कुणी गालिच्यावर नाक टेकून बसत नाही. सोफ्यावरून, सात-आठ फुटांवरून, नजरेला येते ते रंगीबेरंगीपण हेच एक रूप म्हणून येते. कुठलाही एक रंग निवडून काढावा लागतो. आणखी लांबून, दाराच्या चौकटीतून, बारीक बुट्टी डोळ्यांतच एकमेकींत मिसळते आणि गालिचा एखाद्या तपकिरीसर आमसुली छटेचा भासतो. ही छटा त्यातल्या एकाही सुताची नसते. नैयायिकांचे चित्ररूप म्हणजे हा मिसळलेला रंग नव्हे. ते मधल्या अंतरावरचे रूप आहे. माणसे राहतात ती याच अंतरावर. त्यामुळे पदार्थांची यादी करताना रघुनाथाचे मानावे आणि भिंत ठरवताना अन्नंभट्टाचे, हेच सयुक्तिक दिसते. भिंत जुळवायची ती अख्ख्या गालिच्याशी, त्यातल्या एखाद्या सुताशी नव्हे. सुताचा तुकडा दुकानात नेऊन त्याच्याबरहुकूम छटा कालवून आणणारे लोक बहुधा फसतात ते इथेच.

दुसरा प्रश्न शेजाराचा. पॅरिसच्या गोब्लँ या भित्तिपटांच्या कारखान्यात १८२४ साली मिशेल युजीन शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख झाला. निळ्या-जांभळ्या सुतांशेजारचे काळे सूत फिके दिसते अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासाअंती काळ्या रंगात खोट निघाली नाही. ते फिके दिसत होते ते शेजाऱ्यांमुळे. १८३९ मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि दाखवून दिले, की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्यापासून दूर, उलट्या दिशेला ढकलतात. लालाशेजारची राखाडी हिरवट वाटते. डाळिंबी गालिच्यालगत थंड राखाडी भिंत आजारी हिरवी का दिसू लागते, याचे कारण हेच.

याच खोलीत आणखी एक गोष्ट घडते आणि ती नेमकी उलट आहे. खिडकीतून आलेले ऊन गालिच्यावर पडते, तिथून लालसर होऊन वर उसळते आणि भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर चढते. तिथली भिंत खरोखरच तांबूस होते. छायाचित्रातही ती तशीच येते. पहिला परिणाम पाहण्याच्या क्रियेत घडतो, दुसरा उजेडात. दोन्ही एकाच भिंतीवर, एकाच वेळी, विरुद्ध दिशांना ओढतात. कोणता वरचढ ठरेल हे उन्हाच्या जोरावर आणि गालिच्याच्या आकारावर अवलंबून असते.

वेदान्त्यांना दुसरा परिणाम चांगला ठाऊक होता. जास्वंदीचे फूल जवळ ठेवले की स्वच्छ स्फटिक लाल दिसतो; फूल उचलले की लाली जाते. सांख्य आणि अद्वैत या दोन्हींनी हा दृष्टान्त वापरला. फूल ही उपाधी, लाली उपाधीची, स्फटिक जसाच्या तसा. त्याप्रमाणे कर्तेपण आणि सुखदुःख बुद्धीचे, आत्मा निर्लेप. दृष्टान्त सुंदर आहे, पण भिंतीपाशी त्याची मर्यादाही दिसते. भिंतीला निर्लेप असे मूळ रूप दाखवायचे तर गालिचा गुंडाळावा लागेल. मग फरशीचा रंग चढेल, फरशी झाकली तर छताचा. उपाधीविना भिंत कुणी पाहिलेली नाही. अद्वैती यावर म्हणतील की म्हणूनच आत्मा हा पाहण्याचा विषय नाही, आणि हे उत्तर त्यांच्या मताशी पूर्ण सुसंगत आहे.

तिसरा प्रश्न उजेडाचा. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, हे भ्रमाचे ठरलेले शास्त्रीय उदाहरण. तिथे निरोगी डोळा हा निकष आहे, म्हणून चूक कोणाची ते सांगता येते. उजेडाच्या बाबतीत असा निकष हाती नाही. नागपूर साधारण २१.१ अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर आत येते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो, आणि त्याच खिडकीतून दुपारी उन्हाची तिरीपही येत नाही. मे महिन्यात तर पारा ४५ अंशांवर गेला की धंतोलीतली घरे पडदे ओढून, कूलर लावून दिवसभर मिणमिणत्या उजेडात असतात. रात्री ३००० केल्विनचा पिवळसर एलईडी लावला तर डाळिंबी खुलतो आणि निळी किनार काळवंडते. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली उलट होते. त्यातच लोकरीवरचा रंग आणि इमल्शनमधले रंगद्रव्य उजेड वेगवेगळ्या रीतीने परतवतात. दिवसा हुबेहूब जुळलेली जोडी रात्री फाटते ती त्यामुळे.

यातला खरा रंग कोणता? दुपारचाच रंग खरा आणि बाकीचे भास, असे म्हणायला कोणतेही कारण देता येत नाही. जैन आचार्य हेमचंद्राने ‘वीतरागस्तोत्रा’त नैयायिकांना हेच वेगळ्या अंगाने ऐकवले होते. चित्र हे रूप एक आणि अनेक दोन्ही आहे असे तुम्ही मानता, मग वस्तूच्या अनेक बाजू खऱ्या मानणारा अनेकान्तवाद कोणत्या तोंडाने नाकारता, असा त्याचा रोख होता. मात्र अनेक बाजू खऱ्या असल्या तरी त्यातली एक धरून काम करावे लागते. दिवाणखाना संध्याकाळी भरत असेल तर भिंतीवर रंगाचा दीड-दोन फुटांचा पट्टा दोन हात मारून, पूर्ण वाळू देऊन, संध्याकाळी आपल्याच दिव्याखाली गालिच्यालगत पाहावा. ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतो, आणि शेड कार्डावरची चिमूटभर छटा चार भिंतींवर गेली की गडद होते, कारण भिंतीही एकमेकींना रंग देतात.

मग ‘जुळणे’ म्हणजे काय? सादृश्य नव्हे. प्राभाकर मीमांसकांनी सादृश्याला स्वतंत्र पदार्थाचा मान दिला, नैयायिकांनी दिला नाही. पण दोघांच्याही मते ते साम्यच. गालिच्याशी तंतोतंत साम्य असलेली डाळिंबी भिंत ही सर्वांत वाईट निवड ठरते, तिथे गालिचाच हरवतो. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या क्षेमेंद्राचे औचित्य इथे जास्त उपयोगी आहे. मेखला गळ्यात आणि हार कमरेला घातला तर हसे होते, असे तो दाखवतो. शोभा दागिन्यात नाही, तो कशाला कुठे आहे यात आहे. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात सौंदर्य इंद्रियसंवेदनांच्या परस्परसंबंधांत शोधले आणि त्या संबंधांची, म्हणजे लयीची, तीन तत्त्वे मांडली: संवाद, विरोध आणि समतोल. मोतिया भिंत बुट्ट्यांशी संवाद साधते, शेवाळी भिंत डाळिंबीशी विरोध करते, आणि फिकी गव्हाळ भिंत गडद जमिनीचे वजन तोलून धरते. मर्ढेकरांच्या लयविचारावर अतिसोपेपणाचा आक्षेप घेता येईल. पण साहित्यापेक्षा रंगांच्या बाबतीत तो विचार नक्कीच अधिक खरा उतरतो. कांटने १७९० मध्ये मुक्त सौंदर्याची उदाहरणे देताना भिंतीवरच्या कागदाची पानाफुलांची नक्षी घेतली होती, कारण तिला कशाचेच प्रयोजन नाही. भिंत गालिच्यासाठी रंगवली, की हे मुक्तपण संपते आणि औचित्याचा प्रांत सुरू होतो.

खरा रंग कोणता या प्रश्नाला धर्माच्या बाजूने धंतोलीतच एक उत्तर उपलब्ध आहे. येथील रामकृष्ण मठ १९२८ पासूनचा. श्रीरामकृष्णांच्या संभाषणांचे ‘श्रीरामकृष्णवचनामृत’ मराठीत याच मठाने आणले. त्यात सरड्याची गोष्ट आहे. झाडावरचा प्राणी कुणी लाल पाहिला, कुणी हिरवा, कुणी पिवळा, भांडण जुंपले. झाडाखालीच राहणाऱ्या माणसाने सांगितले, की तो हे सगळे रंग घेतो आणि कधी कधी त्याला रंगच नसतो. ही गोष्ट सर्वधर्मसमभावाचा दाखला म्हणून सांगितली जाते, पण तिचे बळ शेवटच्या वाक्यात आहे. स्फटिकाच्या दृष्टान्तात रंग परका ठरतो आणि निर्गुण तेवढे खरे उरते. इथे सरड्याचे रंग त्याचे स्वतःचे आहेत आणि रंगहीन असणेही त्याचेच; सगुण आणि निर्गुण यांत कोणीही भास ठरत नाही. रंगाऱ्याच्या पिंपाची दुसरी गोष्ट याच अंगाने जाते. एकाच पिंपातून जो जो रंग मागावा तो कापडावर चढवून देणाऱ्या रंगाऱ्याला एकजण म्हणतो, तू स्वतः ज्यात रंगलास तो रंग मला दे.

उरतो पांढऱ्या भिंतीचा पर्याय. काही ठरेना झाले की पांढरा द्यावा, तो कशालाही चालतो, असा समज आहे. दार्शनिक भाषेत ही निर्गुणाची निवड वाटेल, पण व्यवहारात तसे घडत नाही. सर्वांत जास्त उजेड परतवणारी भिंतच गालिच्याची लाली सर्वांत जास्त दाखवते. डिसेंबरच्या दुपारी दक्षिणेचे ऊन डाळिंबी जमिनीवर पडले, की शुभ्र भिंत खालून गुलाबी आणि वर निळसर अशी दुरंगी होते. किंचित पिवळा मिसळलेल्या मोतिया किंवा बदामी भिंतीवर तीच लाली उबदार अंगाने मुरून जाते आणि ठळकपणे जाणवत नाही. त्यामुळे गडद लाल गालिच्याच्या खोलीत शुभ्र पांढरा टाळून मोतियाकडे झुकणे अधिक सोयीचे पडते.