रुमालाखालचा भाव

पुण्याच्या मंडईला ‘मंडई विद्यापीठ’ म्हणतात ते उगाच नव्हे. या विद्यापीठाने एक सिद्धान्त कधीचाच मंजूर करून टाकला आहे: आधुनिक चित्रकला ही निव्वळ थाप. २०१०च्या ‘एक्झिट थ्रू द गिफ्ट शॉप’ या माहितीपटाने तर त्याला पुरावाही पुरवला. ‘बघा, त्यांच्यातल्याच माणसानं बिंग फोडलं’, असे म्हटले की वाद मिटला.

बिंग आहे ते थिएरी गेटाचे. लॉस एंजेलिसमध्ये जुन्या कपड्यांचे दुकान चालवणारा हा फ्रेंच गृहस्थ हातात कॅमेरा घेऊन रात्री-अपरात्री भिंती रंगवणाऱ्यांच्या मागे हिंडतो आणि एके दिवशी स्वतःच कलावंत होतो. पुस्तकांतली चित्रे हेरायची, कारागिरांना दाखवायची, यात ते जोडा आणि वर रंग उडवा म्हणून सांगायचे. २००८ साली हॉलिवूडमधल्या जुन्या स्टुडिओत ‘मिस्टर ब्रेनवॉश’ या नावाने भव्य प्रदर्शन भरले. बाहेर रांगा, आत विक्री. पुढच्या वर्षी मडोनाच्या गीतसंग्रहाच्या मुखपृष्ठावर त्याचेच काम. नावाचा महिमा मंडईला नवा नाही म्हणा. १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडलेल्या या इमारतीवरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. आज पाटी त्यांच्याच नावाची आहे.

सिद्धान्ती मंडळींनी निदान बाजाराचा इतिहास आठवायला हवा होता. जुन्या घाऊक बाजारांत हत्ता पद्धत चाले. आडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालत, बोटे दाबत, भाव ठरे. मालाशेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तो कळे सगळ्यांत शेवटी. यात लबाडीला वाव आहे म्हणून उघड लिलावाचा नियम आला. पण रुमाल लबाड होता म्हणून कांदाच खोटा, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

चित्रकार वासुदेव गायतोंडे २००१ साली गेले तेव्हा फारशी हळहळ झाली नाही. २०१३ साली ख्रिस्तीजच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात त्यांचे एक पिवळे चित्र २३ कोटींच्या वर गेले. चित्रात मधल्या काळात एक रेघही वाढली नव्हती. सतीश नाईकांचे ‘चिन्ह’ हे कलाविषयक नियतकालिक गायतोंड्यांबद्दल लिहीत होते ते या आकड्याच्या आधीपासून, आणि ते वाचणारे थोडेच होते. भाव चढल्यावर मात्र सगळ्यांनाच त्या पिवळ्यात अध्यात्म दिसू लागले.

तेव्हा भाव वेगळा आणि माल वेगळा, असे म्हणून सुटता येईल का? तेही तितके सोपे नाही. माहितीपटाचा दिग्दर्शक, भिंती रंगवणाऱ्यांपैकीच एक असलेला बँक्सी, स्वतः याच रुमालाखाली हात घालून बसला आहे. २०१८ साली लंडनच्या सदबीजच्या लिलावात त्याचे चित्र दहा लाख पौंडांवर विकले गेले आणि हातोडा पडताच चौकटीत लपवलेल्या यंत्राने त्याच्या अर्ध्या चिंध्या केल्या. बाजाराची केवढी फजिती! तीन वर्षांनी त्याच चिंध्या १ कोटी ८५ लाख पौंडांना गेल्या. गेटा हे पात्रच बँक्सीने रचले, अशी शंका अनेकांना आहे. पडदा खाली येईपर्यंत एवढेच कळते की सगळेच हसत आहेत. नेमके कोणाचे काय गेले, हे कळत नाही.

ते दिल्लीत कळले होते. जानेवारी २००९मध्ये चित्रकार सय्यद हैदर रझा धूमीमल गॅलरीत स्वतःच्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आले, भिंतीवरची बहुतेक चित्रे आपली नाहीत असे त्यांनी सांगितले आणि प्रदर्शन गुंडाळावे लागले. चित्रे टांगेपर्यंत गॅलरीला काही खटकले नव्हते.

गेटाच्या बाबतीतही ते कळले, पण पडद्यावर नव्हे. रन-डीएमसी या गायकांचे ग्लेन फ्रीडमन यांनी काढलेले छायाचित्र त्याने इंटरनेटवरून उचलून आपल्या कामांत वापरले होते. फ्रीडमन कोर्टात गेले. आपण ते बदलून वापरले, हा गेटाचा बचाव कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने २०११ साली फेटाळला. आधुनिक कला खरी की खोटी, हा प्रश्न फ्रीडमन यांनी उपस्थित केलाच नव्हता. त्यांची तक्रार एकाच छायाचित्राची होती, आणि ते त्यांचे होते.