आत ठेवलेली माया

आज सकाळी बार्शीत एका बाईला स्वेटर घेताना पाहिलं. बाहेर आषाढाची भुरभुर चालू होती. दुकानाच्या दारातल्या गोणपाटावर छत्र्या निथळत होत्या आणि आत ती बाई लोकरीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून उभी होती. मुलगा शाळेत गेलेला, म्हणून मापाला कोणी नव्हतं. शेजारी दुसऱ्या बाईचं पोरगं रेंगाळत होतं. त्याला ती म्हणाली, "ए बाळा, जरा पाठ कर बरं इकडं." पोरानेही निमूट पाठ केली. तिने स्वेटर त्याच्या खांद्यांना लावला, बाही मनगटापर्यंत ओढली, मान हलवली.

"आमचा ह्याच्याहून बोटभर उंच हाय."

"मग बसंल की हा," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"आत्ता बसंल. थंडीपतूर वाढंल ना त्यो. वाढत्या मापाचा द्या."

मी आईसाठी काहीतरी बघायला गेले होते. ते राहिलं बाजूला, आणि 'वाढत्या मापाचा' हे दोन शब्द घेऊन मी दुकानभर फिरत राहिले.

कपडे शिंप्याकडे शिवले जात तेव्हा हे वाढतं माप कपड्याच्या आत असे. शिवणीच्या आत बोटभर जास्तीचं कापड सोडायचं, परकराला किंवा विजारीला खाली दुमड ठेवायची. पोर वाढलं की शिवण उसवायची, दुमड सोडायची, आणखी दोन वर्षं कपडा चालायचा. त्या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे शिंपी 'माया' म्हणतात. "मास्तर, आत माया ठेवा हं," हे आई इतक्या सहज म्हणायची, की त्या शब्दाकडे माझं कधी लक्षच गेलं नाही. आज गेलं. ज्या भाषेत पोटच्या जिव्हाळ्याला आणि शिवणीतल्या राखीव कापडाला एकच शब्द आहे, ती भाषा घडवणाऱ्या बायकांनी आणि शिंप्यांनी किती पोरांना वाढताना पाहिलं असेल! बाहेरून न दिसणारं, आज ज्याचा काही उपयोग नाही, पण उद्या लागणार म्हणून आतल्या बाजूला ठेवून दिलेलं. मायेचं याहून नेमकं वर्णन मला तरी सुचत नाही.

रेडिमेड कपड्यात ती नसते. कारखान्यात कापडाचा इंच न् इंच मोजलेला असतो. काठ कापत कापतच ओव्हरलॉकची शिवण धावते आणि उसवून सोडायला आत काही उरत नाही. मग आया काय करतात? एक माप मोठं घेतात. आतली माया बाहेर येते, बाह्यांच्या दुमडीतून आणि गुडघ्याकडे उतरलेल्या घेरातून दिसू लागते. पहिलं वर्ष पोरगं त्या स्वेटरात बुडून जातं, दुसऱ्या वर्षी तो अंगाबरोबर बसतो, तिसऱ्या वर्षी मनगटं उघडी पडतात आणि तो धाकट्याकडे जातो. आणि ती बाई आज अर्ध्या किमतीत घेत होती ते याच हिशेबात आणखी एक पाऊल पुढे टाकून. मापही पुढचं, ऋतूही पुढचा.

असं पुढचं घ्यायला सेल लागतो, आणि आमच्याकडे सेल लागतो तो आषाढातच. त्याचं कारण पंचांगात आहे आणि शेतातही. देवशयनी एकादशीला देव झोपले की कार्तिकीपर्यंत लग्नं नाहीत. म्हणजे बस्ते नाहीत, आहेर नाहीत. शेतकऱ्याच्या हातातला पैसा सोयाबीनच्या पेरणीबरोबर मातीत गेलेला असतो, आणि तो उगवून परत हातात यायला दिवाळी येते. जूनमध्ये शाळेचे गणवेश आणि दप्तरं होऊन गेलेली असतात. एकादशी पंढरपूरला आणि द्वादशी बार्शीला, या रिवाजाने भगवंताच्या दर्शनाला माणसं येतात तेवढे दोन दिवस रस्त्याला वर्दळ. एरवी दुपारपर्यंत भवानी झाली नाही असं दुकानदार सांगतात. तामिळनाडूतही 'आडी' महिना शुभकार्याला वर्ज्य, आणि तिथेही कापड दुकानांचा वर्षातला मोठा सेल नेमका आडीतच. दोन प्रांत, दोन पंचांगं, पण रिकाम्या महिन्यावर काढलेला उपाय एकच. पॅरिसचंही तेच. तिथलं बों मार्शे हे दुकान ज्याने नावारूपाला आणलं तो आरिस्तिद बुसिको 1852 साली तिथे भागीदार म्हणून आला. नाताळची गर्दी ओसरल्यावर ओस पडणाऱ्या जानेवारीत पांढऱ्या चादरी आणि टॉवेल स्वस्तात विकायची प्रथा त्याच्या दुकानाने रूढ केली. मंदीचा महिना सगळ्यांनाच असतो.

आजचं हे दुकान म्हणजे आमच्या गावाचं सगळं एका छताखाली. खाली भांडी, प्लास्टिक, डबे-बरण्या, वरच्या मजल्यावर साड्या, तागे, चादरी, त्याच्यावर रेडिमेड. गल्ल्यावर बसलेल्या मालकांना मी विचारलं, की अर्ध्या किमतीत परवडतं कसं? ते म्हणाले, "ताई, परवडत नाही. पण ठेवणं त्याहून परवडत नाही." लोकरीची मागणी उन्हाळ्यातच लुधियानाला कळवावी लागते. माल दिवाळीच्या सुमाराला येतो. थंडी पडली तर दीड महिन्यात उडतो, आणि संक्रांतीपर्यंत नुसतीच हवा गार राहिली, तर फळ्यांवर बसून राहतो. तो बसला की त्यात घातलेले पैसेही बसले. वर कसर लागण्याची भीती, डांबरगोळ्यांचा खर्च, आणि जी फळी स्वेटरने अडवली तिथे दिवाळीचा माल लावता येत नाही. म्हणून नफा सोडायचा, प्रसंगी मुद्दलातही थोडी खोट खायची, पण पैसा मोकळा करायचा. कराचं गणितही त्यांनी सांगितलं. आधी हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के जीएसटी होता आणि त्याच्या वर 12. त्यामुळे अकराशेचा स्वेटर सवलतीत नऊशे नव्व्याण्णववर आला, की किंमतही उतरायची आणि करही. 22 सप्टेंबर 2025 पासून ती रेषा अडीच हजारांवर गेली. साध्या घरातला बहुतेक कपडा आता 5 टक्क्यांतच बसतो.

सेलच्या गर्दीला लोक हावरट म्हणतात. मला ते पटत नाही. 'दोनावर एक फुकट' पाहून तिसऱ्या टॉवेलची गरज जन्माला येते हे खरं, आणि कधी आधीची किंमत फुगवून मग ती खोडलेली असते हेही खरं, ते वाईटच. पण आज मी तासभर पाहिलं त्या बहुतेक बायका यादी मनात घेऊन आल्या होत्या. एकीला सोलापुरी चादर हवी होती, लेकीच्या बाळंतपणासाठी. सातवा महिना लागला होता. ती चादरीची घडी उलगडून, उजेडाकडे धरून वीण पाहत होती. दुसरीला कुकर. तिने घरचा जुना, दांडा तुटलेला कुकर पिशवीत घालून आणला होता. 'जुना द्या, नवा घ्या'ची पाटी तिने चार दिवस आधीच वाचून ठेवली होती.

ती पाटी पाहून मला आमच्या दारात येणारी बोहारीण आठवली. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं. दुपारी बायका मोकळ्या झाल्या की तिची हाक यायची. ओट्यावर बसून ती आधी पाणी मागायची, मग आईने काढलेली लुगडी आणि वडिलांच्या पँटी एकेक करून उलट-सुलट पाहायची. विरलेल्या जागी बोट घालून दाखवायची. आई म्हणायची, "अगं, जर तर बघ." ती म्हणायची, "जर निघालाय सगळा, आक्का." एका पातेल्यासाठी अर्धा तास. शेवटी ती आणखी एक शर्ट मागायची आणि आई आत जाऊन आणायची; तो शर्ट आईने आधीपासूनच बाजूला काढून ठेवलेला असायचा, हे मला पुष्कळ पुढे कळलं. घासाघिशीतही तिने आत थोडी माया सोडलेली असायची. त्या पातेल्यांपैकी एकात आमच्याकडे अजून दूध तापतं.

जुनं कापड कुठे कुठे जातं! आज ढिगात ब्लँकेटं होती, जाड, करड्या-तपकिरी रंगांची, हाताला किंचित खरखरीत. ती पानिपतची. पानिपत म्हटलं की मराठी मनात 1761 उभं राहतं. पण आज त्या गावात जगभरातून जुनी लोकर येते, परदेशातल्या माणसांनी टाकून दिलेले कोट आणि स्वेटर येतात. बटणं, चेन, अस्तर काढून ते फाडतात, पिंजतात, त्याचं पुन्हा सूत काढतात आणि त्या सुताची ब्लँकेटं विणतात. कुठल्या तरी बर्फाच्या देशातल्या एखाद्या म्हाताऱ्याचा कोट बार्शीजवळच्या वस्तीवर, ज्वारीच्या राखणीला बसलेल्या माणसाच्या अंगावर पुढचा हिवाळा काढणार. हे ब्लँकेट स्वस्त आहे म्हणून मला कमी दर्जाचं वाटत नाही. त्यात ऊब दुसऱ्यांदा कामाला लागलेली आहे.

काउंटरवरच्या मुली मात्र सारा वेळ उभ्याच होत्या. एक बाई दहा स्वेटर उलगडते, एक घेते आणि जाते. उरलेल्या नऊंची घडी. पुन्हा ढीग, पुन्हा घडी. दुकानात काम करणाऱ्यांना बसायला मिळालं पाहिजे, यासाठी केरळने 2018 साली आणि तामिळनाडूने 2021 साली कायद्यात दुरुस्ती केली. आमच्या गावातल्या प्रत्येक काउंटरमागे एक साधं स्टूल दिसावं, असं मला मनापासून वाटतं. ज्या मुलीने मला स्वेटर दाखवले, तिने पायातली चप्पल काढून एक पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवलं होतं.

तिला मी आईचं माप सांगू लागले आणि अडखळले. मुलाचं माप सांगणं सोपं असतं: बोटभर उंच, एक नंबर मोठा. ऐंशी ओलांडलेल्या आईचं कसं सांगायचं? गेल्या हिवाळ्यातला तिचा स्वेटर तिला या उन्हाळ्यापर्यंत सैल झाला होता. ब्लाउजच्या आतली माया सोडवून आयुष्यभर कपडे वाढवणारी बाई, हल्ली तेच ब्लाउज टाके घालून आत घेते. नवं काही आणायचं म्हटलं की एकच उत्तर, "मला आता कशाला? आहे ते पुरेल." तिच्या तोंडी हे 'पुरेल' मला सहन होत नाही. त्यात ती किती वर्षांचा हिशेब करते, ते मी कधी विचारलेलं नाही.

मुलीने विचारलं, "लहान दाखवू का?"

"नाही," मी म्हटलं, "आधीचंच माप द्या."

मऊ, पुढून बटणांचा, दोन खिसे असलेला, जांभळाच्या रंगाचा. सातशेचा साडेतीनशेला. घरी आले तेव्हा पाऊस थांबला होता आणि आई चहाला थांबली होती. पिशवी पाहून तिने आधी किंमत विचारली, मग निम्म्यात मिळाला म्हटल्यावर चेहरा जरा सैल झाला. "आषाढात स्वेटर!" म्हणत तिने तो हातात घेतला आणि जन्मभराच्या सवयीने उलटा केला. चष्मा वर सरकवून शिवण पाहिली, बगलेखाली बोट फिरवलं, बटणं एकेक ओढून बघितली. एक सैल होतं. सुई-दोरा मागितला आणि चहा निवत ठेवून ते पक्कं केलं.

मग तिने स्वेटर घातला. खांदे थोडे उतरले, बाह्या मुठीवर आल्या. मी काही बोलले नाही. तिने दोन्ही बाह्या एकेक दुमड घालून वर घेतल्या, खिशांत हात घालून पाहिले, आणि तशीच बसून चहा प्यायली.

थोड्या वेळाने तिने तो काढला, घडी केली, एका खिशात डांबरगोळी टाकली आणि माझ्या हातात दिला.

"पेटीत अगदी तळाला घालू नकोस," ती म्हणाली. "वरच ठेव. थंडी पडली की चटकन सापडला पाहिजे."